जावई काय करतात?



गेल्या दोन-तीन महिन्यांत या सदरासाठी आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा येतोय. कुणाचा मुलगा बारावीनंतर जर्मन भाषा शिकतोय, कुणाच्या भाच्याला एजंटने “जर्मनीचं काम पक्कं” असं सांगून दोन लाख मागितलेत, तर चिपळूणच्या एका भगिनीने विचारलंय, “नर्सिंग झालेल्या मुलीला एवढ्या लांब एकटीला पाठवावं का?” माझी धाकटी लेक आणि जावई जर्मनीत आहेत, हे जुन्या वाचकांना माहीत आहे. मागच्या वर्षी मे ते जुलै असे अडीच महिने आम्ही दोघं त्यांच्याकडे राहूनही आलो. त्यावर लिहा, असा तुमचा आग्रह होता आणि मी टाळत होते. का टाळत होते, ते आज लिहिते.

लेक संगणक अभियंता. पुण्यात सहा वर्षं नोकरी करून जून २०२४ मध्ये ती मानहाइम नावाच्या शहरात एका लहानशा कंपनीत रुजू झाली. कंपनी वाहतुकीसाठी सॉफ्टवेअर बनवते. जावई डिप्लोमा मेकॅनिकल. चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो तपासणी विभागात होता. लेकीला ब्लू कार्ड मिळालं. या कार्डाची एक मोठी सोय आहे. जोडीदाराला आधी जर्मन भाषेची परीक्षा न देता सोबत जाता येतं आणि तिथे कुठलंही काम करता येतं. म्हणून जावयाने राजीनामा दिला आणि तीन वर्षांच्या नातवाला घेऊन तिघं गेले.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. नवऱ्याच्या नोकरीमागे बायको गेली तर कुणी काही विचारत नाही. बायकोच्या नोकरीमागे नवरा गेला की सगळ्या गावाला काळजी वाटायला लागते. लग्नात, मय्यतीत, एसटी स्टँडवर, जिथे भेटेल तिथे एकच प्रश्न: “जावई काय करतात?” मी सांगायची, “शिकतोय.” खोटं नव्हतं. जर्मन शिकतच होता. पण मी पुढचा प्रश्न येण्याआधी विषय बदलायची, हेही तितकंच खरं.

मानहाइम हे गंमतीदार शहर आहे. ऱ्हाइन आणि नेकार या दोन नद्यांच्या संगमावर वसलेलं. शहराच्या मध्यभागी रस्त्यांना नावंच नाहीत, बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन आहेत आणि पत्ता म्हणजे एक अक्षर आणि आकडे. आमच्या ह्यांना ते फार आवडलं. बावीस वर्षं कुवेतमध्ये जड वाहनं चालवलेला माणूस. कुठेही गेला की आधी रस्ते बघतो.

आणि रस्त्यावरच्या चाकांचा इतिहास तर याच गावात घडलाय. १८१७ मध्ये कार्ल ड्राइस या गृहस्थाने लाकडी दोन चाकांचं एक यंत्र इथे पहिल्यांदा चालवलं. पेडल नव्हते, पायाने जमीन ढकलत जायचं. आजच्या सायकलची ती पणजी. १८८६ मध्ये याच शहरातल्या कार्ल बेंझने पेट्रोलवर चालणाऱ्या तीनचाकी गाडीचं पेटंट घेतलं. पण मला आवडली ती त्यांची बायको बर्था. लग्नाआधीच तिने आपल्या हुंड्याचे पैसे नवऱ्याच्या धंद्यात घातले होते. गाडी तयार झाली, पण लोक विकत घ्यायला धजत नव्हते. तेव्हा ऑगस्ट १८८८ मध्ये एके दिवशी पहाटे, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बसवून ही बाई गाडी घेऊन निघाली. कुठे? तर माहेरी! फोर्त्सहाइमला, शंभर किलोमीटरहून लांब. वाटेत इंधन संपलं तर वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून डाग काढायचं द्रव विकत घेऊन टाकीत ओतलं. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले तर चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं. त्या प्रवासानंतर लोकांचा मोटारीवर विश्वास बसू लागला.

लेकीने ही गोष्ट सांगितली तेव्हा हे हसून म्हणाले, “म्हणजे जगातला पहिला लांब पल्ल्याचा ड्रायव्हर बाईमाणूस होता.”

लेकीच्या उत्साहाला तर पार नव्हता. जेवायला बसलो की तिचं सुरू व्हायचं. लोकांनी स्वतःची गाडी घ्यायचीच कशाला? गल्लीच्या तोंडाशी चार-पाच सामायिक गाड्या उभ्या असतात. मोबाइलवरून एक उघडायची, बाजारहाट करायचा, परत आणून लावायची, तासाचे आणि किलोमीटरचे पैसे द्यायचे. पुढे मोठी पेटी लावलेली सायकल असते, त्यात दोन मुलं आणि आठवड्याचं सामान मावतं. आमचा नातू रोज अशाच सायकलच्या पेटीत बसून बालवाडीत जायचा. तिच्या कंपनीचं काम म्हणजे मागणीनुसार येणाऱ्या छोट्या बसचं. ठरलेला मार्ग नाही, ठरलेली वेळ नाही. ज्यांना एकाच दिशेला जायचं आहे अशा पाच-सहा जणांना संगणक एकत्र गाठतो आणि बस त्यांना घेत, सोडत जाते.

ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, “म्हणजे वडापच की!”

क्षणभर शांतता. मग लेक आणि जावई इतके हसले की नातू घाबरला. पण हसून झाल्यावर लेक म्हणाली, “अब्बा, बरोबर आहे. वडापच. फक्त टपावर माणसं बसवत नाहीत, आणि रात्री अकराला एकट्या बाईलाही बिनधास्त बसता येतं.”

तिकिटाची व्यवस्था मात्र आपण शिकण्यासारखी. २०२२ च्या उन्हाळ्यात, महागाई वाढली तेव्हा, तिथल्या सरकारने तीन महिन्यांसाठी महिना ९ युरोचं तिकीट काढलं. देशभरातल्या शहरी बस, ट्राम आणि जवळच्या पल्ल्याच्या रेल्वेगाड्या त्यात चालायच्या. लोकांनी ते इतकं उचलून धरलं की मे २०२३ पासून तसंच कायमचं मासिक तिकीट आलं, ४९ युरोचं. आम्ही होतो तेव्हा ५८ युरो पडायचे, आणि या जानेवारीपासून ६३ झालेत. वेगवान गाड्यांना ते चालत नाही, पण बाकी सगळीकडे चालतं. स्टेशनवर फाटक नाही, बसमध्ये कंडक्टर नाही. अधूनमधून तपासनीस येतो, आणि तिकीट नसेल तर ६० युरो दंड. ट्रामची पायरी रस्त्याच्या बरोबरीने, त्यामुळे ह्यांच्या दुखऱ्या गुडघ्याला चढायचा त्रास नाही. पांगुळगाडी घेऊन आजी एकट्या बाजाराला जातात, हे पाहून मला आपल्याकडच्या कितीतरी घरात बसलेल्या आज्या आठवल्या.

सगळंच गोड होतं असं नाही. जर्मन म्हणजे घड्याळ, ही समजूत तिथे गेल्यावर पातळ होते. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२ टक्के वेळेवर पोहोचल्या. भाड्याचं घर मिळणं हे लग्न जमवण्याहून कठीण. एका घरमालकाने फोनवर लेकीशी छान बोलून घेतलं आणि आडनाव ऐकल्यावर “घर कालच गेलं” म्हणाला. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतरितांना विरोध करणारा पक्ष दुसऱ्या क्रमांकावर आला. ट्राममध्ये कुणी माझ्या ओढणीकडे टक लावून बघायचं, तर कुणी उठून जागा द्यायचं. दोन्ही लिहिलं पाहिजे.

आता जावयाची गोष्ट.

तिथल्या पहिल्या सहा महिन्यांत त्याने कितीतरी कारखान्यांत अर्ज केले. बहुतेकांचं उत्तर आलं नाही, ज्यांचं आलं त्यांनी भाषा विचारली. तपासणी विभागात कागद वाचावे लागतात, अहवाल लिहावे लागतात. मग तो सकाळी नातवाला सोडून वर्गात जाऊ लागला, दुपारी स्वयंपाक, संध्याकाळी गृहपाठ. आम्ही पोहोचलो तेव्हा त्याची मधली पायरी, म्हणजे बी १, झाली होती. मी स्वयंपाकघरात शिरले तर म्हणाला, “अम्मी, तुम्ही बसा. भात माझ्याकडे आहे.” मला बरं वाटलं की वाईट, हे मलाच कळलं नाही.

मग एके दिवशी ट्रामच्या काचेवर त्याला “चालक हवेत” अशी पाटी दिसली. जर्मनीत चालकांची फार टंचाई आहे. जुने निवृत्त होताहेत, नवे मिळत नाहीत. वय २१ पूर्ण, मोटारीचा परवाना, तब्येत धड, भाषा बऱ्यापैकी एवढं असलं की कंपनी स्वतः पगार देऊन काही महिने शिकवते. त्याने लेकीला विचारलं, लेकीने “तुम्हाला मनापासून वाटत असेल तर करा” म्हटलं. पण आधी मोटारीचा परवाना हवा. आपला भारतीय परवाना तिथे राहायला गेल्यापासून फक्त सहा महिने चालतो. मग लेखी आणि गाडी चालवायची, दोन्ही परीक्षा नव्याने. लेखी परीक्षा इंग्रजीतही देता येते, तरी त्याने हट्टाने जर्मनमध्ये दिली. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये दहा वर्षं गाडी चालवलेला माणूस मग प्रत्यक्ष परीक्षेत नापास झाला.

कारण काय, तर उजवीकडे वळताना त्याने मान वळवून खांद्यामागे पाहिलं नाही. आरशात पाहिलं होतं. पण आरशात न दिसणारा एक कोपरा असतो, त्यात सायकलवाला असू शकतो. परीक्षकाने तिथेच गाडी थांबवायला सांगितली.

तो पडलेल्या चेहऱ्याने घरी आला. मला वाटलं, आता हा नाद सुटेल. हे मात्र उठले, स्वयंपाकघरात दोन खुर्च्या मागे-पुढे मांडल्या, त्याला पुढच्या खुर्चीत बसवलं आणि हातात ताट दिलं, स्टिअरिंग म्हणून. “वळ उजवीकडे. मान? मान कुठाय? पुन्हा.” नातू मागच्या बाजूने सायकलवाला होऊन धावायचा. आठ दिवस हा खेळ रोज चालला. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा तिथला नियमही ह्यांनी पाठ करून घेतला. “उजव्या बाजूने गाडी मी आयुष्यभर चालवलीय,” हे म्हणायचे. कुवेतलाही वाहतूक उजवीकडूनच. दुसऱ्या खेपेला तो पास झाला. परीक्षांसकट दोन हजारांच्या वर युरो गेले.

त्यानंतर ट्रामवाल्यांकडून मुलाखतीचं पत्र आलं आणि घराघरांत फोन सुरू झाले. मिरजेहून विहीणबाई म्हणाल्या, “इंजिनिअर पोराला ड्रायव्हर करायला एवढ्या लांब नेलं का तुमच्या मुलीने?” मी काय उत्तर दिलं असेल? काहीच नाही. कारण माझ्याही मनात तेच होतं.

६ जूनला, शुक्रवारी, बकरी ईद आली. मानहाइममध्ये तुर्की लोकांनी बांधलेली मोठी मशीद आहे. १९९५ मध्ये उघडली, आणि जवळच उंच मनोऱ्याचं कॅथलिक चर्च. ईदची नमाज आम्ही तिथे पढलो. आमची कुर्बानी गावीच होणार होती. परत येत असताना महाडहून माझ्या नणंदेचा फोन. ईद मुबारक झालं आणि मग ठरलेला प्रश्न, “जावयांना लागलं का काही?” मी म्हटलं, “हो, वाहतूक खात्यात होतंय बहुतेक. मोठं काम आहे.”

हे शेजारीच बसले होते. काही बोलले नाहीत.

जूनमध्ये तिथे मगरिब साडेनऊच्या पुढे होते. नमाज झाली की आम्ही नेकारच्या काठाने चालायचो. त्या रात्री बरंच अंतर गेल्यावर ह्यांनी विचारलं, “ट्रामचा ड्रायव्हर म्हणायला जीभ जड का झाली?” मी गप्प. मग म्हणाले, “बावीस वर्षं मी पण वाहतूक खात्यातच होतो का?”

भगिनींनो, तो प्रश्न मला कुठे लागला ते सांगते. १९८६ मध्ये हे कुवेतला गेले. मी इथे शाळेत शिकवत होते. ऑगस्ट १९९० मध्ये तिथे लढाई पेटली तेव्हा इराकमार्गे जॉर्डन गाठून, अम्मानहून विमानाने, अंगावरच्या कपड्यांनिशी परत आले. १९९२ मध्ये पुन्हा गेले, कारण तीन मुलं होती. दोन वर्षांतून एकदा दोन महिने घरी. बाकी आवाज यायचा तो कॅसेटमधून. माझा पगार आणि ह्यांची मनीऑर्डर, यावर मुलं शिकली. आणि मी, मुलांच्या शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात काय लिहीत होते? ‘नोकरी, कुवेत.’ ड्रायव्हर हा शब्द मी एकदाही लिहिला नाही. ह्यांनी ते फॉर्म पाहिले होते. सुट्टीत आले की पेटीतले कागद तेच लावायचे. इतक्या वर्षांत एका शब्दाने बोलले नाहीत. नेकारच्या काठावर, जावयाच्या निमित्ताने बोलले.

मी माफी मागितली. “चल, थंडी वाजतेय,” म्हणाले.

मी शिक्षिका. डी.एड. च्या वर्गात आम्हाला वर्ध्याच्या मूलोद्योग शिक्षण योजनेवर हमखास प्रश्न असायचा. १९३७ मध्ये वर्ध्याला जी परिषद भरली, तिथे नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते, पुढे आपले राष्ट्रपती झालेले. हाताने काम करता करता मूल शिकलं पाहिजे, हा तिचा गाभा. मी उत्तर पाठ केलं होतं, पण ही कल्पना डॉक्टरसाहेबांच्या मनात कुठे रुजली, याचा विचार केला नव्हता. त्यांनी डॉक्टरेट केली बर्लिनला, १९२० च्या दशकात. तिथे केर्शनश्टाइनर नावाच्या शिक्षणतज्ज्ञाच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. याच माणसाला जर्मनीत धंदेशिक्षणाच्या शाळांचा जनक मानतात. आज तिथे सोळा-सतरा वर्षांची मुलं आठवड्यातले काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत जातात, महिन्याला भत्ता मिळवतात आणि तीन-साडेतीन वर्षांत पक्के कारागीर होतात. त्याला आउसबिल्डुंग म्हणतात. सुतार, नर्स, बेकरीवाला, गाडी दुरुस्त करणारा, सगळे त्याच वाटेने. एक विचार बर्लिनहून निघून वर्ध्याला आला, मी तो पाठ करून परीक्षेत गुण मिळवले आणि घरच्या माणसाचा धंदा फॉर्मवर लपवला. शिकलेल्या माणसाचं शिक्षण असंही असतं.

लेकीच्या खालच्या मजल्यावर एक तुर्की आजोबा राहतात. पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी ऑक्टोबर १९६१ मध्ये कामगार आणण्याचा करार केला. १९७३ पर्यंत भरती चालली. पाहुणे कामगार म्हणायचे त्यांना. पाहुणे, म्हणजे काम झालं की परत जाणारे. हे आजोबा १९७० मध्ये दोन वर्षांसाठी एक पेटी घेऊन आले होते. पन्नासहून अधिक वर्षं झाली, पेटी अजून माळ्यावर आहे. त्यांना मराठी येत नाही, ह्यांना तुर्की येत नाही. तरी बाकावर बसून दोघांचं तासभर चालायचं. दुकान, मैदान, साबण, हवा, शिशी असे शब्द एकमेकांना सांगायचे आणि दोन्हीकडे सारखे निघाले की लहान मुलांसारखे हसायचे. ‘किस्मत’ आणि ‘सबर’ हे शब्द तर सांगावेच लागले नाहीत. अशाच एका तुर्की कामगाराचा मुलगा, कोलोनच्या मोटार कारखान्यात काम करणाऱ्याचा, म्हणजे उगुर शाहिन. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी उझ्लेम त्युरेजी यांनी स्थापन केलेल्या कंपनीने कोरोनाच्या पहिल्या लसींपैकी एक शोधली. हे आजोबांनी अभिमानाने सांगितलं. पण त्याहून अभिमानाने त्यांनी आपले कारखान्यातले हात दाखवले.

निघायच्या आधी लेकीने विचारलं, “तुम्ही दोघं इकडेच राहायला या ना.” मार्च २०२४ पासून नियम आलाय. त्या तारखेनंतर पहिल्यांदा परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांनाही बोलावता येतं, मात्र खर्चाची आणि आरोग्यविम्याची तजवीज आधी दाखवावी लागते. म्हाताऱ्यांचा विमा हीच मोठी अडचण. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, “बाळा, परदेश मी करून आलोय. तुझी अम्मी बावीस वर्षं घर धरून राहिली, आता मी तिच्याबरोबर घर धरून राहतो. तू मात्र मुलाला बापाच्या मांडीवर वाढव. मला ते जमलं नव्हतं.”

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण मला त्या घरातलं एक दृश्य आठवलं. संध्याकाळी सहानंतर लेकीचा कामाचा फोन वाजत नाही. काम संपल्यानंतरच्या वेळेला त्यांच्याकडे खास शब्द आहे, फायरआबेंड. त्या वेळी तिघं मिळून जमिनीवर रेल्वे मांडत बसतात. कुवेतच्या पगारात मला हे विकत घेता आलं नव्हतं. म्हणून लेक लांब असल्याची रुखरुख असली तरी मी तक्रार करत नाही.

आता तुमच्या पत्रांना उत्तरं, थोडक्यात.

भारतीय कुशल कामगारांना वर्षाला २०,००० व्हिसा मिळायचे, ते ९०,००० पर्यंत वाढवण्याचं जर्मनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं. मानहाइम ज्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात आहे, त्या राज्याशी आपल्या महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्येच कुशल मनुष्यबळाचा करार केलाय. दार उघडं आहे, पण दारातून आत जायची किल्ली भाषा आहे. एजंटला दोन लाख देण्याआधी मुलाला वर्षभर जर्मन शिकवा. पुण्या-मुंबईत माक्स म्युलर भवन आहे. परीक्षा तिथलीच द्यावी. “पक्कं काम” सांगणाऱ्याकडून नेमणूकपत्र मागा, ते त्या कंपनीला स्वतः लिहून खात्री करा.

शिकायला जाणाऱ्यांना आधी एपीएस प्रमाणपत्र लागतं. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये मात्र बाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो आहेत. वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो, म्हणजे सुमारे बारा लाख रुपये, खात्यात अडकवून दाखवावे लागतात. दर महिन्याला ते थोडे थोडे परत मिळतात, पण आधी उभे तर करावे लागतात. व्याजाचं कर्ज नको, म्हणून कितीतरी घरं इथेच थांबतात. त्यांनी आउसबिल्डुंगचा विचार जरूर करावा. त्यात शिकता शिकता भत्ता मिळतो. आपल्या आयटीआय, नर्सिंगच्या मुलामुलींसाठी ही वाट विद्यापीठाहून जवळची आहे. फक्त “एवढं शिकून हाताचं काम?” हा प्रश्न घरातून कुणी विचारू नये.

चिपळूणच्या भगिनी, मुलीला पाठवावं का, हे मी कसं सांगू? तिची भाषा तयार असेल, हॉस्पिटलचा करार हातात असेल आणि ती स्वतः निघायला तयार असेल, तर तिला अडवू नका. सुरुवातीचा हिवाळा जड जातो. चार वाजता अंधार पडू लागतो, रविवारी दुकानं बंद, रस्ते सामसूम. तेव्हा रोज फोन करा, आणि “कधी येणार?” याऐवजी “आज काय केलंस?” एवढं विचारा.

परत आल्यावर जावयाचं प्रशिक्षण ऑक्टोबरमध्ये सुरू झालं. गेल्या महिन्यात त्याने पहिल्यांदा एकट्याने ट्राम चालवली. लेकीने फोटो पाठवला. गणवेश, समोर मोठी काच, आणि मान खांद्यावरून वळवलेली. मी तो बघत बसले होते, तेवढ्यात खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच फोटो येऊन पडला. ह्यांनीच टाकला होता. खाली लिहिलं होतं, “माशाअल्लाह. आमच्या घरातला दुसरा ड्रायव्हर.”

पहिली दुआ मिरजेहून आली, विहीणबाईंची. त्याखाली मी लिहिलं, “आणि पहिला ड्रायव्हर हा फोटो टाकणारा.” महाडच्या नणंदेने विचारलंय, ट्राम केवढी मोठी असते. आज संध्याकाळी फोन करून सगळं नीट सांगणार आहे.

तुमच्या पत्रांची वाट बघते. दुआमध्ये याद ठेवा.